शेतकरी राष्ट्राध्यक्षाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, निधन झाले. त्यांच्यावर या मासिकात आलेल्या श्रद्धांजलीपर टिपणात त्यांचा उल्लेख ‘भुईमूग पिकवणारा राष्ट्राध्यक्ष’ असा केला होता आणि मायदेशात नि परदेशात त्यांनी केलेल्या सेवाकार्याचा गौरव केला होता. त्या टिपणावर यवतमाळ, चंद्रपूर आणि वाशीम जिल्ह्यांतील वाचकांची पत्रे आली आहेत. ती गौरवाच्या पुढचे विचारणारी आहेत, म्हणून हे सदर या वेळी त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील कोरडवाहू कास्तकार आहे. सात एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर घेतो. आपले टिपण आमच्या गावच्या पारावर वाचले गेले आणि त्यावरून वाद झाला. माझे म्हणणे असे, की मातीत राबलेला माणूस सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसला, तर कास्तकाराला भाव मिळाल्याशिवाय राहत नाही. बाकीच्यांचे म्हणणे असे, की खुर्चीवर बसल्यावर माणूस मातीचा राहत नाही. कार्टर यांच्या राज्यात तिथल्या शेतकऱ्यांचे नेमके काय झाले, ते सांगावे.

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न आमच्या टिपणातून सुटला होता, आणि तो सुटायला नको होता. कार्टर यांच्या मोठेपणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या खुर्चीनंतरच्या ४४ वर्षांबद्दल लिहितात. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांना मिळालेली वर्षे चारच होती, १९७७ ते १९८१. राजकीय वारसा जोखायचा तर तो त्या चार वर्षांवरच जोखला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ‘शेतकरी’ या शब्दाबद्दल. कार्टर जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या खेड्याचे. नौदलात अधिकारी होते, अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या कामावर होते. १९५३ मध्ये वडील वारले, तेव्हा नोकरी सोडून ते गावी परतले आणि घरचा व्यवसाय त्यांनी हाती घेतला. पहिल्याच हंगामात दुष्काळ पडला आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही, हे खरे आहे. परंतु तो व्यवसाय निव्वळ शेतीचा नव्हता. भुईमुगाच्या बियाण्याची विक्री, खतांची विक्री, आसपासच्या शेतकऱ्यांच्या शेंगांची खरेदी आणि साठवणुकीचे गोदाम, असा तो पसारा होता. आपल्याकडे वावर असलेला कास्तकार आणि वावरही असलेला कृषी केंद्राचा मालक यांच्यात जो फरक आपण करतो, तो येथेही करायला हवा. दोघेही पावसाकडे डोळे लावून बसतात, पण दिवाळीच्या सुमारास एक उधारी मागायला निघतो आणि दुसरा ती कशी फेडावी या विचारात असतो. कार्टर यांना शेती उत्तम कळत होती. मात्र ती त्यांना गोदामाच्या दारातूनही दिसत होती, ही गोष्ट त्यांचे निर्णय समजून घेताना विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट पिकाची. अमेरिकेत भुईमुगाला १९३०च्या दशकापासून लागवडीचा कोटा आणि आधारभाव यांचे संरक्षण होते. गहू आणि मका पिकवणाऱ्या मधल्या राज्यांतील शेतकऱ्यांना सरकारी आधार असला, तरी त्यांचा भाव मुख्यतः परदेशी मागणीवर चढत-उतरत असे. त्यामुळे जॉर्जियातील शेंगांचा व्यवसाय आणि कॅन्ससमधील गव्हाचे वावर हे एकाच देशातले असूनही दोन निराळ्या जगांतले होते.

या गहू-मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी कार्टर यांच्या पहिल्याच वर्षी आंदोलन उभारले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्टर यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि फोर्ड यांच्या सरकारांचे कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पेरा करा, असे सांगितले होते. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, मोठे ट्रॅक्टर घेतले, आणि त्यानंतर भाव उतरले. १९७७ च्या कृषी कायद्यात कार्टर सरकारने जे लक्ष्यभाव (बाजारभाव त्याखाली गेल्यास फरक सरकारने भरून द्यावा, असे भाव) ठरवले, ते उत्पादनखर्चालाही पुरत नाहीत, अशी तक्रार घेऊन कोलोरॅडोतून ‘अमेरिकन ॲग्रिकल्चर मूव्हमेंट’ सुरू झाली. १४ डिसेंबर १९७७ पासून तिने शेतकऱ्यांच्या संपाची हाक दिली. तिची मागणी ‘पॅरिटी’ची होती. १९१० ते १९१४ या काळात शेतमालाच्या भावाचे आणि शेतकऱ्याला विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंच्या भावाचे जे प्रमाण होते, ते प्रमाण आजही टिकले पाहिजे, असा तिचा अर्थ. क्विंटलभर कापसात एके काळी तोळाभर सोने येत असे, असे आपल्याकडील म्हातारी माणसे सांगतात. त्या सांगण्यात जी मागणी दडली आहे, तीच ही मागणी होय.

१९७८ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूचे विधेयक सिनेटमध्ये मंजूर झाले. महागाई वाढेल या कारणाने कार्टर यांनी नकाराधिकार वापरण्याचा इशारा दिला आणि प्रतिनिधिगृहात ते विधेयक पडले. पुढे सरकारने काही सवलती दिल्या, पण मूळ मागणी मान्य झाली नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये हजारो शेतकरी ट्रॅक्टर चालवत राजधानी वॉशिंग्टनमध्ये शिरले आणि पोलिसांनी त्यांना संसदेसमोरच्या मैदानात कोंडून ठेवले. त्याच महिन्यात राजधानीत मोठे हिमवादळ झाले, तेव्हा याच शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांवरचा बर्फ दूर केला आणि डॉक्टर-परिचारिकांना रुग्णालयांत पोहोचवले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष शेंगांच्या धंद्यातले होते आणि त्यांचे कृषिमंत्री बॉब बर्गलंड हे स्वतः मिनेसोटातील शेतकरी होते. आपल्या पारावरच्या वादाचे निम्मे उत्तर येथेच आहे.

उरलेले निम्मे उत्तर ४ जानेवारी १९८० या तारखेत आहे. सोव्हिएत रशियाने डिसेंबर १९७९ च्या अखेरीस अफगाणिस्तानात सैन्य घातले आणि त्याला शिक्षा म्हणून कार्टर यांनी रशियाला जाणारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले. १९७५ च्या करारानुसार द्यावयाचे ८० लाख टन तेवढे जाऊ दिले. १९७६ च्या प्रचारात याच कार्टर यांनी शेतकऱ्यांना सांगितले होते, की धान्याच्या निर्यातीवर बंदी घालण्याचा प्रकार आपण कायमचा थांबवू. उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांनी या निर्णयाला आतून विरोध केला होता. तो मानला गेला नाही.

या बंदीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतील. बंदी जाहीर होताच भाव कोसळले. सरकारने निर्यातदार कंपन्यांचे अडकलेले करार स्वतःकडे घेतले, त्यामुळे व्यापारी वाचला. गहू आणि मका खरेदी करून बाजार सावरण्याचाही प्रयत्न केला. त्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला आणि भाव पुन्हा चढले, म्हणून सगळी मंदी बंदीमुळेच आली, असे म्हणणे चूक ठरेल. परंतु रशियाचे फारसे अडले नाही. अर्जेंटिनाने बंदीत सामील होण्यास नकार दिला आणि तेथील धान्य रशियाकडे वळले. अर्जेंटिनात तेव्हा जे लष्करी सरकार होते, त्याची मदत कार्टर यांनी मानवी हक्कांच्या कारणावरून कापली होती. म्हणजे एका तत्त्वासाठी ज्या हुकूमशहांना दुखावले, त्यांच्याच झोळीत दुसऱ्या तत्त्वासाठी आपल्या शेतकऱ्यांचे गिऱ्हाईक नेऊन टाकले. अफगाणिस्तानातून सोव्हिएत सैन्य १९८९ मध्ये बाहेर पडले. धान्यबंदी मात्र एप्रिल १९८१ मध्येच कार्टर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी उठवली होती.

कार्टर यांच्या कारकिर्दीवरचा माझा मुख्य आक्षेप येथे आहे. शेतकऱ्याच्या घरातले पीक ही राज्यकर्त्याच्या हातातली वस्तू आहे, ती परराष्ट्र धोरणासाठी रोखता येते आणि त्याची किंमत शेतकऱ्याकडून वसूल करता येते, ही रीत त्यांनी सुरू केली नाही. फोर्ड यांनीही १९७५ मध्ये रशियाची धान्यविक्री काही काळ थांबवली होती. पण ती रीत बंद करण्याचे वचन देऊन निवडून आलेला, शेतीत वाढलेला माणूस ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरतो, तेव्हा ती अधिक पक्की होते. विदर्भातील वाचकांना हे दूरचे वाटू नये. ५ मार्च २०१२ रोजी आपल्या केंद्र सरकारने कापसाची निर्यात अचानक बंद केली आणि आठवडाभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेवढ्या दिवसांत ज्याने घरातला कापूस मोडला, त्याला नंतरच्या दुरुस्तीचा काही उपयोग झाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी आपली पहिली वेचणी बाजारात येते त्या काळापर्यंत वाढवली गेली. त्यातही गिरण्यांचा विचार आधी झाला आणि वावराचा नंतर.

व्याजदरांबद्दलही थोडे लिहितो, कारण दीर्घकाळ टिकलेला परिणाम त्यांचाच आहे. महागाई हाताबाहेर गेली तेव्हा ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी बसवले. व्होल्कर यांनी पतपुरवठा आवळला आणि डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर पोहोचला. महागाई पुढे आटोक्यात आली, त्याचे श्रेय रेगन यांना मिळाले आणि राजकीय किंमत कार्टर यांनी मोजली, असे अर्थतज्ज्ञ सांगतात. ते मला मान्य आहे. पण ज्याने बट्झ यांचे ऐकून कर्जावर जमीन घेतली होती, त्याने मोजलेली किंमत त्या हिशेबात क्वचितच धरली जाते. १९८० च्या दशकात आयोवासारख्या राज्यांत जमिनींचे भाव कोसळले, शेतांचे लिलाव झाले, शेतकऱ्यांनी आत्महत्याही केल्या. हे सारे रेगन यांच्या काळात घडले, म्हणून कार्टर यांच्या नावावर कोणी लिहीत नाही. पेरणी एकाच्या कारकिर्दीत आणि मळणी दुसऱ्याच्या कारकिर्दीत, असे शेतीधोरणात नेहमीच होते.

तेव्हा आपल्या पाराला सांगावे, की खुर्चीने कार्टर बदलले, असे म्हणण्यास पुरावा नाही. ते साधे राहिले, प्रामाणिक राहिले, कष्टाळू राहिले. त्यांना शेतकऱ्याची अडचण माहीत होती आणि तरीही महागाई आणि रशिया या दोन गोष्टींपुढे ती त्यांनी खाली ठेवली. त्यांच्या जागी ती अडचण ठाऊक नसलेला माणूस असता, तर मी त्याला इतके कठोरपणे जोखले नसते.

प्रश्न : चिमूर तालुक्यातील मी निवृत्त शिक्षक आहे. मानवी हक्क हा शब्द राजकारणात आणणारा राष्ट्राध्यक्ष म्हणून आम्ही वर्गात कार्टर यांचे नाव सांगत आलो. ते सांगणे चुकीचे होते काय?

उत्तर : गुरुजी, चुकीचे नव्हते, अपुरे होते. परराष्ट्र धोरणात मानवी हक्कांना अधिकृत जागा कार्टर यांनी दिली, आणि लॅटिन अमेरिकेतील तुरुंगांत असलेल्या अनेकांना तिचा आधार झाला. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस ठाण मांडून त्यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांच्यात समझोता घडवला. मार्च १९७९ मध्ये झालेला तो शांतता करार आजही टिकून आहे. त्या समझोत्यात पॅलेस्टिनी जनतेच्या स्वायत्ततेचा जो भाग होता, तो मात्र कागदावरच राहिला.

आता दुसरी बाजू. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानमध्ये इराणच्या शाहांच्या मेजवानीत कार्टर यांनी, अशांत प्रदेशातील स्थैर्याचे बेट म्हणून इराणचा आणि शाहांवरील जनतेच्या प्रेमाचा गौरव केला. शाहांची गुप्तहेर यंत्रणा सावाक लोकांना कसे छळते, हे तेव्हा जगाला माहीत होते. दुसऱ्याच दिवशी ते दिल्लीत उतरले, आणीबाणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात, आणि येथे त्यांनी लोकशाहीची स्तुती केली. चौदा महिने उलटण्याच्या आत इराणमधली राजवट कोसळली होती. पुढे परागंदा शाहांना उपचारांसाठी अमेरिकेत येऊ दिल्यावर ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील वकिलात ताब्यात घेतली गेली आणि ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. त्यांच्या सुटकेसाठी एप्रिल १९८० मध्ये आखलेली मोहीम वाळवंटात फसली आणि आठ सैनिक मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर १९८० च्या निवडणुकीत ५० पैकी ४४ राज्ये रेगन यांच्याकडे गेली.

मला अधिक अस्वस्थ करते ते एल साल्वाडोरचे उदाहरण. तेथील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये कार्टर यांना पत्र लिहून विनंती केली, की आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांविरुद्ध वापरली जाईल. पत्र लिहिणारा धर्मगुरू होता आणि वाचणारा रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवणारा श्रद्धाळू ख्रिस्ती होता. २४ मार्च रोजी प्रार्थना चालू असताना रोमेरो यांची हत्या झाली. मदत त्यानंतरही दिली गेली. पाकिस्तानच्या झिया-उल-हक यांच्याबाबतही असेच झाले. १९७९ मध्ये अणुकार्यक्रमावरून त्यांची मदत थांबवली होती. अफगाणिस्तानानंतर त्याच झियांना ४० कोटी डॉलर देऊ केले आणि झियांनी ते ‘शेंगदाणे’ (इंग्रजी बोलीत क्षुल्लक रक्कम) म्हणून नाकारले. अफगाण बंडखोरांना लष्करी स्वरूपाची नसलेली मदत देण्याच्या आदेशावर कार्टर यांनी रशियन सैन्य येण्याच्या आधीच, ३ जुलै १९७९ रोजी, सही केलेली होती. तिथून सुरू झालेल्या वाटेने पुढे आपल्या शेजारात काय काय आले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

वर्गात यापुढे सांगताना इतके जोडावे, की ज्या देशाची अमेरिकेला गरज नव्हती तेथे कार्टर यांचे मानवी हक्क कठोर होते, आणि जेथे गरज होती तेथे ते मऊ झाले.

प्रश्न : तारापूरच्या अणुभट्टीचे इंधन कार्टर यांनी अडवले होते ना? (वाचक, कारंजा)

उत्तर : अडवले, आणि शेवटी सोडवलेही. पोखरणच्या १९७४ च्या चाचणीनंतर भारताने सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली करावीत, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९७८ च्या दिल्ली भेटीत मोरारजी देसाई बधले नाहीत, तेव्हा परत गेल्यावर यांना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहायचे, असे कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले. ते वाक्य ध्वनिक्षेपकात पकडले गेले आणि गाजले. मार्चमध्ये त्यांनी अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यावर सही केली. मात्र १९८० मध्ये, अफगाणिस्तानानंतर, तारापूरचे ३८ टन इंधन भारताला जावे म्हणून त्यांनीच संसदेत जोर लावला आणि सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ मतांनी पार पडले.

प्रश्न : घाटंजी भागात मी बरीच वर्षे आरोग्यसेविका होते. भ्रमणध्वनीवर एक संदेश फिरतो आहे, की भारतातला नारू कार्टर यांनी घालवला. आम्ही तेव्हा गावोगाव फिरलो होतो. हे वाचून वाईट वाटले.

उत्तर : ताई, आपल्याला वाईट वाटणे रास्त आहे. तो संदेश खोटा आहे. भारताचा नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये, कार्टर यांच्या संस्थेने हे काम हाती घेण्याच्या आधी, सुरू झाला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरणाऱ्याच्या पायातून बाहेर येणारा नारूचा जंतू त्याच पाण्यात अळ्या टाकत असे आणि गाळल्याविना ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात तो रोग जात असे. पायऱ्या बुजवणे, हातपंप बसवणे, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणे, फडक्याने पाणी गाळायला घरोघरी शिकवणे, रुग्णाच्या जखमेवर पट्टी बांधून त्याला पाण्यापासून दूर ठेवणे, हे सारे काम आपल्यासारख्या आरोग्यसेविकांनी, सेवकांनी आणि पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांनी केले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. तो घरोघरच्या चिकाटीने गेला.

कार्टर यांचे श्रेय निराळे आणि तेही मोठे आहे. त्यांच्या केंद्राने १९८६ पासून जगभरच्या, विशेषतः आफ्रिकेतील मोहिमेचे नेतृत्व केले. तेव्हा जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये ते १४ उरले. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत या कामासाठी त्यांनी घडवलेला युद्धविराम त्यामुळेच ‘नारूचा युद्धविराम’ म्हणून ओळखला जातो. त्यांच्या आयुष्यातले हे काम मला सर्वांत निर्मळ वाटते. २००२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले, त्यामागे अशा कामाचाही वाटा होता. त्यांच्या मातोश्री लिलियन या परिचारिका होत्या आणि १९६६ ते १९६८ या काळात, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, मुंबईच्या विक्रोळीत त्यांनी रुग्णसेवा केली होती, हेही आपल्यासारख्या वाचकाला सांगावेसे वाटते.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या स्वतःच्या शेंगांच्या धंद्याचे काय झाले? (पहिल्या पत्रलेखकाचाच पुरवणी प्रश्न)

उत्तर : पदावर येताना, आपल्या निर्णयांचा आपल्यालाच लाभ होऊ नये म्हणून, त्यांनी तो विश्वस्तांच्या हवाली केला आणि चार वर्षे त्यात लक्ष घातले नाही. जानेवारी १९८१ मध्ये प्लेन्सला परतले, तेव्हा दुष्काळ आणि ढिसाळ कारभार यांमुळे त्यावर सुमारे १० लाख डॉलर कर्ज झालेले होते. वडिलांचे गोदाम त्यांना विकावे लागले. जमीन त्यांनी राखली, आणि पुस्तके लिहून उदरनिर्वाह केला.